स्टुडिओत मांडलेलं बिऱ्हाड



मागच्या काही भागांत आपण शेळ्यांचा विमा, परसबाग आणि कर्जाचे हप्ते यांवर बोललो. आज विषय वेगळा आहे. आज आपण सिनेमातल्या नट्यांबद्दल बोलणार आहोत. ‘बचत गटाच्या कार्यक्रमात नटी कशाला?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर जरा दम धरा. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा फोडता फोडता ऐका. या गोष्टीत भांडवल आहे, सावकार आहे, वाळीत टाकणं आहे आणि एक चूलसुद्धा आहे. म्हणजे विषय आपलाच आहे.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. तिथून फार लांब नाही असं एक ठिकाण आहे, खरी कॉर्नर. तिथं एक स्तंभ उभा आहे आणि त्यावर कॅमेरा आहे. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात कॅमेरा तयार झाला आणि सिनेमा सुरू झाला, त्याची ती आठवण. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात ते उगीच नाही. पण आम्हाला तो स्तंभ बघून नेहमी एक प्रश्न पडतो. कॅमेरा कुणी बनवला ते सगळे सांगतात. त्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बायका कोण होत्या? आणि उभं राहिल्याची काय किंमत त्यांनी दिली?

आधी थोडं मागं जाऊ. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पडद्यावर आला. आपल्या देशात तयार झालेला तो पहिला मोठा चित्रपट. हरिश्चंद्राची राणी तारामती आपल्याला माहीत आहे. नवऱ्यानं सत्यासाठी राज्य सोडलं, तर त्याच्या मागं रानोमाळ हिंडलेली, मूल मेलं तेव्हा स्मशानात बसून रडलेली. ही तारामती कुणी केली माहीत आहे? अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं. ते एका हॉटेलात स्वयंपाकी होते. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून खूप शोध घेतला. नाचगाण्यावर पोट असलेल्या बायकांनासुद्धा विचारलं. त्याही नको म्हणाल्या. कारण नाटकात बाईचं काम पुरुषानं करायचं ही तेव्हाची रीत होती. लुगडं नेसून, दागिने घालून, पदर सावरून पुरुष रंगमंचावर यायचे आणि लोक त्यांना डोक्यावर घ्यायचे. पुरुषानं बाई होणं ही कला, आणि बाईनं बाई होणं ही लाज, असा तो न्याय होता.

त्याच वर्षाच्या शेवटी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दोघी मायलेकी आल्या. आई दुर्गाबाई कामत, तिनं पार्वती केली. मुलगी कमलाबाई, ती मोहिनी झाली. पुढं ती कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. विक्रम गोखले हे नट तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील, ते तिचे नातू. कमलाबाई त्या वेळी तेरा-चौदा वर्षांची पोर होती. आज त्या वयाची आपली पोरगी आठवी-नववीत असते. तर पडद्यावर पहिल्यांदा दिसलेल्या बायका या अशा, एकमेकींच्या आधारानं आलेल्या आई आणि मुलगी.

आता कोल्हापुरात येऊ. इथं एक सुतारकाम आणि चित्रकाम करणारं घर होतं. त्यातले बाबूराव मेस्त्री, १८९० साली जन्मलेले. नाटकाचे पडदे ते इतके सुरेख रंगवायचे की लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघांनी सिनेमा पाहिला आणि ध्यास घेतला की आपणही काढायचा. कॅमेरा परदेशातून यायचा, न परवडणारा. मग यांनी ठरवलं, आपणच बनवू. लेथवर एकेक भाग कातून घ्यायचा, जुळवायचा, बिघडला की पुन्हा करायचा. यात १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारखे हुशार कारागीर त्यांना येऊन मिळाले आणि कॅमेरा तयार झाला. कोल्हापूरच्या कंपनीचं नाव ठेवलं महाराष्ट्र फिल्म कंपनी.

पण कॅमेरा झाला म्हणून कंपनी चालत नाही. आपल्या गटातल्या कुणालाही विचारा. शेवया करायचं मशीन आणलं, तरी गहू, वीज, पाकिटं, गाडीभाडं, सगळ्याला पैसा लागतो. कंपनीला तो पैसा द्यायला पुढं आली एक बाई. तिचं नाव तानीबाई कागलकर. ती गाणारी होती. गाण्यावर पोट असणाऱ्या बाईला त्या काळात मैफिलीला मानानं बोलावत, पण पंगतीला बसवत नसत. अशा बाईनं गळ्याच्या कमाईतून साठवलेला पैसा एका नव्या धंद्यात घातला. सिनेमा चालेल की बुडेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनो, कोल्हापूरच्या सिनेमाच्या पायात एका बाईची बचत आहे. हे वाक्य आपल्या पोरींना जरूर सांगा.

कंपनीनं पहिला चित्रपट घ्यायचं ठरवलं तो ‘सैरंध्री’. महाभारतातली कथा. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या घरी वेष बदलून राहतात. द्रौपदी सैरंध्री नावानं राणीची दासी होते, केस विंचरणारी, गजरे करणारी. राणीचा भाऊ कीचक तिच्यावर वाईट नजर ठेवतो. ती भर दरबारात दाद मागते, कुणी बोलत नाही. शेवटी भीम कीचकाला मारतो. म्हणजे बघा, कामाच्या जागी मालकाच्या नातेवाइकाकडून त्रास होणाऱ्या बाईची ही गोष्ट. हजारो वर्षांची जुनी आणि तरी कालची वाटणारी.

बाबूरावांना या चित्रपटात बायकांची कामं बायकांनीच करायला हवी होती. पुरुषाला लुगडं नेसवून त्यांना चालणार नव्हतं. नाटकात प्रेक्षक लांब बसतो, तिथं खपतं. कॅमेरा जवळ येतो. मान, मनगट, चाल, सगळं दिसतं. त्यामुळं कोल्हापुरात बायकांचा शोध सुरू झाला आणि दोन तरुण मुली तयार झाल्या. एक गुलाबबाई, दुसरी अनुसयाबाई. पडद्यासाठी कंपनीनं त्यांना नवी नावं दिली. गुलाबबाईंची कमलादेवी झाली, अनुसयाबाईंची सुशीलादेवी.

नाव बदललं तरी माणसं तीच. लोकांना कळायचं ते कळलं. सिनेमात काम केलं म्हणून त्या दोघींना त्यांच्या समाजानं वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. विहिरीवर तुझी घागर आली की बाकीच्या बाजूला होतात. लग्नाचं बोलावणं येत नाही. मयताला खांदा मिळत नाही. दुकानदार उधार बंद करतो. पोरगी खेळायला गेली तर दुसऱ्या पोरीला तिची आई हाक मारून आत घेते. कुणी मारत नाही, कुणी शिवी देत नाही. फक्त कुणी बोलत नाही. ज्या बाईनं हे भोगलंय तिला विचारा, मार बरा वाटतो.

मग गुलाबबाई आणि अनुसयाबाई गेल्या कुठं? त्या कंपनीतच राहायला आल्या. जिथं शूटिंग व्हायचं त्याच आवारात त्यांनी बिऱ्हाड मांडलं. तिथंच राहायचं, तिथंच स्वयंपाक करायचा आणि तिथंच काम करायचं. दिवसा विराट राजाचा महाल आणि त्याच आवारात त्यांची चूल. आपण सिनेमाच्या इतिहासाची जी पुस्तकं बघतो, त्यात कॅमेऱ्याला चार पानं असतात आणि या चुलीला दोन ओळी. आम्हाला मात्र वाटतं, ती चूल पेटली नसती तर त्या कॅमेऱ्यानं काय टिपलं असतं? पुन्हा कुणीतरी मिशा काढलेला पुरुषच.

त्यांचं काम कसं चालत असेल, तेही समजून घेऊ. तेव्हा विजेचे मोठे दिवे नव्हते. सगळं शूटिंग सूर्याच्या उजेडात. म्हणजे दिवस डोक्यावर आला की रंग, दागिने आणि जड कपडे अंगावर घेऊन उन्हात उभं राहायचं. ढग आला की थांबायचं. त्या वेळच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा. कुंकू लावलं तर पडद्यावर काळा ठिपका दिसायचा. त्यामुळं चेहऱ्याला कुठला रंग लावायचा, लुगडं कुठल्या रंगाचं नेसायचं, याचा वेगळा हिशेब असायचा. आणि सिनेमा मुका होता. बोलता येत नाही, गाता येत नाही. राग, भीती, अपमान, सगळं डोळ्यांतून आणि हातांतून सांगायचं. त्यांना शिकवायला कुठली शाळा नव्हती. त्यांच्या आधी कुणी करून दाखवलेलंही फारसं नव्हतं. बघून शिकावं असं कुणी नसताना नवं काम शिकायचं म्हणजे काय, हे ट्रॅक्टर चालवायला बसलेल्या आपल्या गटातल्या बाईला बरोबर कळेल.

७ फेब्रुवारी १९२० या दिवशी पुण्यात आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. लोकांनी गर्दी केली. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की बघणाऱ्यांची छाती दडपली आणि सरकारनं तो भाग कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. कोल्हापूरचं नाव सगळीकडं झालं. बाबूरावांना मिळालेला मान योग्यच होता, त्यांनी आयुष्य पणाला लावलं होतं. पण त्या गर्दीतल्या माणसांचा विचार करून बघा. पडद्यावर सैरंध्रीला छळलं तेव्हा त्यांना कीचकाचा राग आला. त्याच चित्रपटासाठी घराबाहेर पडलेल्या दोन मुलींना मात्र त्यांच्याच समाजात जागा राहिली नव्हती. पडद्यावरच्या बाईसाठी डोळे पुसणं सोपं असतं. शेजारच्या बाईसाठी दार उघडणं अवघड.

कमलादेवी तिथंच थांबली नाही. १९२३ साली ‘सिंहगड’ आला, त्यात ती होती. १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला, त्यातही ती होती. या ‘सावकारी पाश’बद्दल सांगायलाच हवं. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टी सोडून बाबूरावांनी यात एक साधा शेतकरी घेतला. सावकार खोट्या कागदावर त्याची जमीन गिळतो. शेतकरी गाव सोडून शहरात मजूर होतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. तेही कोल्हापूरचेच, पुढं देशभर गाजले. १९२५ साल म्हणजे आपल्या आजीच्या आईचा काळ. तेव्हा खेड्यातल्या बाईला कर्ज हवं असेल तर सावकाराच्या ओट्याशिवाय दुसरी जागा नव्हती. आज आपण दर महिन्याला पैसे जमा करतो, आपसात कर्ज देतो, वहीत लिहितो, सही करतो. अंगठ्याच्या जागी सही आली, ही केवढी वाट चालून आलो आपण! तो सावकाराचा फास पडद्यावर दाखवणाऱ्या माणसांत एक वाळीत टाकलेली बाईही होती, हे लक्षात ठेवू.

पुढच्या काही वर्षांत काळ बदलला. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि १९२९ साली सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. सिनेमा बोलू लागला. १९३२ साली प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. या वेळी तारामती कोण होती? दुर्गा खोटे. मुंबईच्या सधन घरातली, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई. सासरची श्रीमंती गेली, घर चालवायचं होतं, म्हणून ती सिनेमात आली. तिनं आधी एका चित्रपटात लहानसं काम केलं होतं, तेव्हा तिलाही लोकांनी नावं ठेवली. शिकलेली असून, मोठ्या घरची असून ठेवली. पण ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि तीच माणसं तिचं कौतुक करू लागली. अण्णा साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षं गेली. मोठ्या घरच्या बाईनं पडद्यावर काम केलं, म्हणून पुढच्या मुलींना थोडी वाट मिळाली, असं पुस्तकांत लिहितात. ते खरंच आहे. पण त्या वाटेवरचे पहिले काटे कुणी वेचले होते, तर गुलाबबाई आणि अनुसयाबाईंनी. त्यांच्यामागं ना कॉलेज होतं, ना मोठं घर.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका बाईकडं येऊ. सुलोचनादीदी. ‘वहिनींच्या बांगड्या’मधली वहिनी, ‘मराठा तितुका मेळवावा’मधली जिजाबाई. हिंदी सिनेमात तर कितीतरी नायकांची आई तीच. तिचा जन्म ३० जुलै १९२८ चा, खडकलाटचा. खडकलाट म्हणजे आपल्या निपाणी-चिकोडीच्या बाजूचं गाव, तंबाखूचा मुलूख. आपल्यातल्या किती जणींचं माहेर त्या भागातलं आहे! गावातली पोर, लहान वयात लग्न झालेली, बोलणं सीमाभागातलं. १९४३ साली मास्टर विनायक यांच्या कंपनीत ‘चिमुकला संसार’मध्ये तिला लहान काम मिळालं. नंतर ती कोल्हापुरात भालजी पेंढारकर यांच्या जयप्रभा स्टुडिओत आली. सुलोचना हे नाव भालजींनीच दिलं. तिथं तिला पडद्यावर कसं चालावं, कसं बोलावं, हे शिकायला मिळालं. ती घोड्यावर बसायलासुद्धा शिकली.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जाळपोळ झाली, त्यात जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठ भाकर’ नावाचा चित्रपट तयार होत होता, तोही जळाला. सगळ्यांनी मिळून तो पुन्हा केला आणि १९४९ साली तो पडद्यावर आला. सुलोचना त्यात होती. केलेलं काम डोळ्यांसमोर राख झालं आणि पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. आपल्याकडं २०१९ च्या पुरात ज्यांची पिठाची गिरणी, शिलाई मशीन पाण्यात गेलं, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

सुलोचनादीदींनी पुढं अडीचशेहून जास्त चित्रपटांत काम केलं. १९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये तिनं एका आईचं काम केलं. अस्पृश्य म्हणून जन्मलेली एक पोर त्या आईच्या घरात वाढते, पण ‘ही माझी मुलगी’ असं म्हणायला त्या आईला वर्षं लागतात. सरकारनं १९९९ साली दीदींना पद्मश्री दिली, २००९ साली महाराष्ट्र भूषण मिळालं. ४ जून २०२३ ला त्या गेल्या, तेव्हा सरकारी इतमामात निरोप दिला गेला. ज्या कामासाठी १९२० साली दोन मुलींना वाळीत टाकलं, त्याच कामासाठी शंभर वर्षांनी एका बाईला पोलिसांनी मानवंदना दिली. काम तेच होतं. बघणाऱ्यांचे डोळे बदलले.

पण मैत्रिणींनो, आम्हाला सगळं गोड गोड करून सांगायचं नाही. मान मिळाला म्हणून बाईच्या हातात सगळं आलं असं होत नाही. हंसा वाडकर नावाची एक मोठी नटी होऊन गेली. ती मुंबईची. घराला पैसा हवा म्हणून लहान वयात तिला सिनेमात घातलं. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर राम जोशी’ हे तिचे चित्रपट फार गाजले. तिला काम सोडून घरसंसार करावा असं वाटायचं, पण घर तिच्याच कमाईवर चालत होतं, त्यामुळं सुटका नव्हती. तिनं हे सगळं ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात न लाजता सांगितलं. त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि तिचं काम स्मिता पाटील यांनी केलं. हंसाबाईंना कुणी वाळीत टाकलं नव्हतं. लोक तिकिटं काढून बघायला येत होते. पण कमाई तिची आणि निर्णय दुसऱ्यांचे. म्हणून आम्ही बैठकीत पुन्हा पुन्हा सांगतो, पासबुकावर नाव असणं आणि पैसा आपल्या हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे सगळं आज का सांगतोय? काही महिन्यांपूर्वी एका गटाच्या बैठकीत एका आईनं हळूच विषय काढला. तिची मुलगी बारावी झाली आहे, नाचते छान. आता आपल्या भागातल्या गावांत मालिकांचं, गाण्यांच्या व्हिडिओंचं शूटिंग होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलीला अशाच एका ठिकाणी लहान कामासाठी बोलावलं होतं. आईच्या मनात होतं पाठवावं. पण भावकीतून निरोप आला, ‘पोरीला नाचवून खाणार का?’ बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, कशाला जिवाला घोर. कुणी म्हणालं, शिलाईच्या कारखान्यात पाठवली तर चालते, मग हे का नको? एक वयस्कर मावशी शेवटपर्यंत गप्प होत्या. निघताना त्या म्हणाल्या, “पाठवायची का नाही ते तू ठरव. पण पाठवलीस, तर आम्ही आहोत हे तिला आधी सांग.” पहिल्या दिवशी गटातल्या दोघी जणी तिच्याबरोबर गेल्या. दिवसभर बसल्या, घरून नेलेला डबा तिथं खाल्ला, संध्याकाळी तिला घेऊन परत आल्या. एवढंच. पण गावाला जे कळायचं ते कळलं.

आम्हाला त्या वेळी गुलाबबाई आणि अनुसयाबाई आठवल्या. त्यांना छप्पर दिलं ते कंपनीनं. गावातल्या बायकांनी दिलं असतं, तर त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं नसतं.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो, त्या वहीत लिहून ठेवा.

पहिली. १९२० साली वाळीत टाकणाऱ्यांना जाब विचारायची सोय नव्हती. आज आहे. आपल्या महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. तो २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. जातपंचायतीनं किंवा कुणी गट करून एखाद्याला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

दुसरी. सैरंध्रीनं दरबारात दाद मागितली तेव्हा सगळे गप्प बसले. आज कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. जिथं नाही, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. शूटिंग असो, शेतमजुरी असो, कारखाना असो, कायदा सगळीकडं लागू आहे.

तिसरी. कमलाबाईंसारखी चौदाच्या आतली पोर असेल, तर सिनेमा-मालिकेत तिच्याकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग तिच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. शाळा बुडता कामा नये.

चौथी. पोरगी कुठल्याही कामाला बाहेर पडली, तर जाण्याआधी विचारायचं ते विचारा. काम कुणाचं, जागा कुठली, किती दिवस, पैसे किती आणि कुणाच्या खात्यावर, कपडे बदलायला आडोसा आहे का, संडास आहे का, परत कोण सोडणार. हे विचारायला लाजायचं कारण नाही. जो चांगला मालक असतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, तो मुलींच्या फोनमध्ये घालून ठेवा.

पुढच्या वेळी अंबाबाईला गेलात, तर खरी कॉर्नरला दोन मिनिटं थांबा. कॅमेऱ्याचा स्तंभ मुलींना दाखवा. बाबूरावांचं नाव सांगा, दामल्यांचं सांगा. त्याबरोबर तानीबाई कागलकर, गुलाबबाई आणि अनुसयाबाई ही तीन नावंही सांगा. एकीनं पैसा दिला आणि दोघींनी घरदार दिलं.

आणि या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, सह्या झाल्या, की वही मिटायच्या आधी एक प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या गावात आज कुठल्या बाईशी बोलणं बंद आहे? कशासाठी आहे? आणि तिच्या दारात सगळ्यात आधी आपल्यातली कोण जाणार?

नमस्कार. भेटू पुढच्या आठवड्यात.